अश्मीभूत लाकूड कापणं आणि पॉलिश करणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ॲरिझोनात, फिनिक्सजवळ राहते. घराच्या गॅरेजमध्ये अश्मीभूत लाकूड कापून आणि घासून त्याच्या शोभेच्या वस्तू करते. मंडळाच्या गणपतीत मांडलेल्या चकत्या पाहून लोक जे विचारतात आणि साताऱ्याहून नातेवाईक फोनवर जे विचारतात, त्यातलं बहुतेक सगळं इथे आहे. घासण्याबद्दलची उत्तरं लांब झाली आहेत, कारण बहुतेक चुका तिथेच होतात.

हे खरंच लाकूड आहे का?

होतं. आता दगड आहे. आमच्याकडची खोडं साधारण २१ ते २२ कोटी वर्षांपूर्वीची, ट्रायासिक काळातली आहेत. तेव्हा हा प्रदेश विषुववृत्ताजवळ होता आणि इथे मोठ्या नद्या वाहत होत्या. पुरात उन्मळून आलेली झाडं गाळाखाली गेली. हवा लागली नाही म्हणून ती लवकर कुजली नाहीत. त्या गाळात ज्वालामुखीची राख होती. राखेतली सिलिका, म्हणजे ज्या द्रव्याचा क्वार्ट्झ बनतो ते, पाण्यात विरघळून खोडात झिरपली. आधी पेशींच्या पोकळ्या भरल्या, मग लाकडाच्या जागीही क्वार्ट्झ बसत गेला.

लहानपणी आपण अंधारात गारगोट्या एकमेकींवर आपटून ठिणग्या पाडायचो ना, ती गारगोटी म्हणजे हेच खनिज. इथे तिला झाडाचा साचा मिळाला, एवढंच.

इतके रंग कसे? तुम्ही रंग देता का?

नाही. शुद्ध क्वार्ट्झला स्वतःचा रंग नसतो, तो पारदर्शक किंवा पांढरा दिसतो. लाल, पिवळा आणि तपकिरी रंग लोखंडाच्या ऑक्साइडमुळे येतात. काळा आणि जांभळट रंग बरेचदा मँगनीजमुळे येतो. पॉलिश केल्यावर रंग नव्याने येत नाही. खडबडीत पृष्ठभागावर उजेड विखुरतो म्हणून रंग फिका वाटतो, गुळगुळीत झाला की तोच रंग आतपर्यंत दिसतो. पाहायचं असेल तर कच्च्या दगडावर पाणी ओता. ओला दगड जसा दिसतो, साधारण तसाच तो पॉलिशनंतर कायमचा दिसेल.

वलयं मोजून झाडाचं वय सांगता येईल का?

ॲरिझोनाच्या दगडात सहसा नाही. चकतीवर दिसणारे लाल-पिवळे पट्टे वर्षांची वलयं नसतात. खनिजं मिसळलेलं पाणी जिथवर पोहोचलं, तिथल्या त्या कडा असतात. शिवाय इथल्या बऱ्याच खोडांत क्वार्ट्झचे स्फटिक वाढताना मूळ पेशींची नक्षी पुसली गेली. पेशी पाहायच्या असतील तर वॉशिंग्टन राज्यातल्या व्हँटेजचं लाकूड बघा. ते लाव्हाच्या थरांमध्ये जपलं गेलं आहे. भिंगातून त्यातल्या वाहिन्यासुद्धा दिसतात. बसाल्टच्या देशातून आलेल्या आपल्यासारख्यांना ते जास्त ओळखीचं वाटतं.

दगड आणता कुठून? नॅशनल पार्कमधून?

पार्कमधून एक कपचीसुद्धा उचलायची नाही. हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, म्हणून सविस्तर सांगते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथून खोडं रेल्वेने भरभरून नेली जात होती. रंगीत स्फटिकांसाठी खोडं सुरुंगाने फोडली. एक गिरणीसुद्धा उभी राहिली होती, ती या खोडांचा चुरा करून घासण्याची पूड विकण्यासाठी. इतक्या वर्षांचं झाड शेवटी पॉलिश पेपरवर चिकटवायचं! लोकांनी आवाज उठवला आणि ८ डिसेंबर १९०६ रोजी थिओडोर रूझवेल्ट यांनी ही जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केली. १९६२ मध्ये ती पेट्रिफाइड फॉरेस्ट नॅशनल पार्क झाली.

तरी लोक खिशात तुकडे घालून नेतात. पुढे मनाला टोचणी लागते आणि माफीच्या पत्रासह टपालाने परत पाठवतात. पण कोणता तुकडा कुठला, हे आता कळत नाही. त्यामुळे ते मूळ जागी ठेवता येत नाहीत, बाजूला ढीग करून ठेवावे लागतात. तो ढीग मला फार अस्वस्थ करतो.

कायदेशीर वाटा दोन. संघ सरकारच्या ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या खुल्या जमिनीवरून स्वतःच्या वापरासाठी माणशी दिवसाला २५ पौंड, म्हणजे सुमारे ११ किलो, आणि वर एक तुकडा घेता येतो. वर्षाला कमाल २५० पौंड. पण ते विकता येत नाही, आणि त्या भागात काही बंधन आहे का हे स्थानिक कचेरीत आधी विचारावं लागतं. दुसरी वाट म्हणजे खाजगी जमीन. हॉलब्रूक गावाच्या आसपासच्या कुरणमालकांच्या जमिनीत भरपूर खोडं आहेत, बाजारातला माल तिथूनच येतो. मी विकायच्या वस्तूंसाठी फक्त हाच दगड घेते आणि पावती जपून ठेवते.

भारतात हे मिळतं का? आणून कापता येईल का?

मिळतं, पण आणायचं नाही. तमिळनाडूत तिरुवक्करै इथे सुमारे २ कोटी वर्षांपूर्वीची खोडं आहेत. जैसलमेरजवळच्या आकलला ज्युरासिक काळातली, तर मध्य प्रदेशात डिंडोरी जिल्ह्यातल्या घुघुआला साधारण ६.५ कोटी वर्षांपूर्वीची. घुघुआची झाडं दख्खनच्या लाव्हाच्या काळातली, म्हणजे आपला सह्याद्री ज्या थरांचा बनला त्याच घडामोडींतली. आपल्या गडचिरोलीत सिरोंचा तालुक्यात वडधमला जीवाश्म उद्यान आहे. तिथे डायनासोरच्या अवशेषांबरोबर झाडांचेही अवशेष पाहायला मिळतात. या सगळ्या पाहायच्या जागा आहेत. शेतात असा तुकडा सापडला तर मी तरी तो कापणार नाही. जवळच्या कॉलेजातल्या भूगर्भशास्त्राच्या शिक्षकांना दाखवेन. कापलेला तुकडा शोभेचा होतो, पण कुठे आणि कोणत्या थरात सापडला ही त्याची माहिती गेली की गेली.

भारतात बसून हे काम करायचं असेल तर इंडोनेशिया आणि मादागास्करचा दगड बाजारात येतो, तो घ्या.

पार्कमधली खोडं करवतीने कापल्यासारखी दिसतात. ती कुणी कापली?

कुणीच नाही. क्वार्ट्झ कठीण असतो तितकाच ठिसूळही असतो. जमीन वर उचलली गेली तेव्हा लांब खोडं खडूच्या कांडीसारखी आडवी तुटली. आमच्या कामाच्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की अशा अर्धवट आडव्या चिरा प्रत्येक खोडात असतात. बाहेरून त्या सहज दिसत नाहीत. चकती कापून झाली की तिचे हातात तीन तुकडे येतात, तेव्हा कळतं.

कच्चा दगड निवडताना काय पाहायचं?

ओला करा आणि वाळताना बघत राहा. पृष्ठभाग आधी वाळतो, चिरेत ओल राहते, त्यामुळे चीर काळ्या रेघेसारखी उठून दिसते. मग लहान हातोडीने हलकेच टकटक करा. सलग दगड खणखणीत वाजतो, फुटका बद्द वाजतो. माठ घेताना आपण बोटाने वाजवतो, तसंच.

नखाने किंवा चाकूने खरवडून पाहा. चांगल्या भागावर पोलादी चाकूचा ओरखडा उठत नाही, उलट चाकूचं पोलाद दगडावर राखाडी रेघ सोडतं. जिथे भुगा निघतो तो भाग पॉलिश घेणार नाही. माझं पहिलं १८ किलोचं खोड मी फक्त रंग बघून घेतलं होतं. त्यातून दोन धड चकत्या निघाल्या, बाकी सगळी खडी.

करवत कोणती लागते?

हिऱ्याचं पातं. त्याला दात नसतात, कडेला हिऱ्याचे बारीक कण बसवलेले असतात. ते दगड कापत नाहीत, झिजवत जातात. म्हणून जोर लावून काही मिळत नाही, फक्त पातं वाकडं होतं. पात्याच्या व्यासाच्या साधारण एक तृतीयांश उंचीचा दगड कापता येतो. माझं पातं २४ इंची आहे, त्यावर आठ इंचांपर्यंतचं खोड बसतं. दहा इंची पात्यावर तीन इंच.

पात्याला सतत गारवा हवा. लहान करवतीला पाणी चालतं. मोठ्या बंद करवतीत मी खास खनिज तेल वापरते. कापल्यावर चकती मांजराच्या पेटीतल्या शोषक मातीत दिवसभर पुरून ठेवायची आणि मग भांड्यांच्या साबणाने धुवायची. चिरेत तेल राहिलं तर पुढे चिकटद्रव्य धरत नाही.

दगड शिकंज्यात घट्ट बसणं सगळ्यांत महत्त्वाचं. खोड गोल असतं, शिकंज्याचे जबडे सपाट. मधे लाकडाच्या पाचरी ठोकायच्या, फारच वेडावाकडा असेल तर खालचा भाग प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बसवून घ्यायचा. कापता कापता दगड एका सुताने जरी हलला तरी पातं अडकतं आणि वाया जातं. सात इंच रुंद खोडाला माझ्या करवतीवर तास-सव्वा तास लागतो. शेवटचा अर्धा इंच राहिला की मी वेग आणखी कमी करते, नाहीतर चकती स्वतःच्या वजनाने मोडते आणि कडेला खपली राहते.

आडवं कापायचं की उभं?

आडवं कापलं की गोल चकती, साल, गाभा असं अख्खं झाड समजतं. बहुतेकांना तेच हवं असतं. उभ्या कापात लाकडाचे धागे लांब दिसतात. चिरांनी भरलेल्या खोडासाठी उभा काप बरेचदा वाचवणारा ठरतो. साल शक्यतो ठेवावी. सगळीकडून तासून गोल केलेली चकती मला टाइलसारखी वाटते. एक तोंड चकचकीत आणि बाहेरची कड जशीच्या तशी खडबडीत, ही जोडीच बघणाऱ्याचा हात थांबवते.

जाडी: तळहाताएवढ्या चकतीला ८ ते १० मिलिमीटर पुरे. फूटभर व्यासाला २० ते २५ मिलिमीटर हवेच.

घासण्याचा क्रम काय?

नंबर जितका लहान तितके कण जाड, हे पॉलिश पेपर वापरणाऱ्या कुठल्याही सुताराला माहीत असतं. इथेही तेच. मी थरथरत्या तबकडीवर काम करते. जड पात्रात सिलिकॉन कार्बाइडची पूड आणि पाणी घालायचं, चकती पालथी ठेवायची, पात्र थरथरतं आणि चकती आपोआप फिरत घासली जाते. क्रम ८०, २२०, ५००, १००० आणि शेवटी सेरियम ऑक्साइड.

खरं काम ८० नंबरला होतं. करवतीच्या रेघा, मधला फुगवटा, कडेची खपली, सगळं इथेच जायला हवं. २२० नंबर फक्त ८० चे ओरखडे काढतो, करवतीची रेघ काढायची ताकद त्याच्यात नसते. पूर्ण कामाचा निम्म्याहून जास्त वेळ मी या पहिल्या पायरीला देते. ज्यांच्या चकत्यांना चकाकी येत नाही, ते शेवटची पूड बदलत बसतात. त्यांची चूक बहुतेक वेळा ८० नंबरला झालेली असते.

पायरी पूर्ण झाली हे कसं ओळखायचं? चकती धुवा, पूर्ण कोरडी करा आणि पेन्सिलीने तोंडावर जाळी आखा. पाच-दहा मिनिटं घासा. सगळीकडच्या रेघा सारख्याच गेल्या तर तोंड सपाट आहे. मधल्या राहिल्या तर मधे खोलगट आहे. मग खिडकीच्या तिरप्या उजेडात भिंगाने बघा. ओल्या दगडावर ओरखडे लपतात, म्हणून कोरडं करूनच बघायचं.

प्रत्येक पायरीनंतर चकती, पात्र, हात, नखं, टेबल, सगळं धुवायचं. ८० नंबरचा एकच कण सालीच्या खाचेत राहिला आणि १००० ला बाहेर आला, तर पुन्हा पहिल्यापासून. माझ्याकडून हे चार वेळा झालं. आता मी प्रत्येक नंबरला वेगळी बादली आणि वेगळा जुना टूथब्रश ठेवते. साल तर ब्रशने तीनदा घासते.

माझ्याकडे असं यंत्र नाही. ग्रॅनाइटवाल्याकडून करून घेता येईल का?

येईल, आणि भारतात तर हाच सोपा मार्ग आहे. ओट्याचा ग्रॅनाइट पॉलिश करणारे कारागीर पाण्यावर चालणाऱ्या पॉलिशरला हिऱ्याचे रेझिन पॅड लावतात: ५०, १००, २००, ४००, ८००, १५००, ३०००. तेच पॅड या दगडाला चालतात. त्यांना एवढं सांगा, की हा ग्रॅनाइटपेक्षा ठिसूळ आहे, वेग कमी ठेवा, एका जागी दाबू नका आणि पाणी क्षणभरही बंद करू नका. लहान चकती आधी प्लायवूडवर डबल टेपने चिकटवायची, नाहीतर ती हातातून उडते.

शेवटची चकाकी येत नाही. काय चुकतंय?

८० नंबर नीट झाला असेल तर पॉलिशला फार वेळ लागत नाही. सेरियम ऑक्साइड म्हणजे काच पॉलिश करायला वापरतात ती फिकट पूड. ती पाण्यात ताकाइतकी पातळ कालवून फेल्टवर, म्हणजे दाबून केलेल्या लोकरीच्या जाड कापडावर, लावायची. फेल्ट ओलसर हवा, चिंब नको. थोड्या वेळाने चकती फेल्टला धरायला लागते, हाताला ओढ जाणवते. चकाकी नेमकी त्या वेळी येते. पण तिथेच उष्णताही वाढते. चकती गालाला लावून बघा, कोमटपेक्षा जास्त वाटली तर थांबा. गरम चकती गार पाण्यात घातली तर तडकते. माझी एक सुंदर लाल चकती दोन महिन्यांच्या कामानंतर अशीच गेली. आवाज बारीकसा आला, पातेल्यावर नख वाजावं तसा.

काही ठिकाणी चकाकी येते आणि काही ठिकाणी मॅट राहतं, तेव्हा दगडच मऊ-कठीण मिश्र असतो. मऊ भाग आधी झिजतो आणि खोल जातो. मऊ फेल्टऐवजी कडक पाठीचे हिऱ्याचे पॅड वापरले की हे कमी होतं, पूर्ण जात नाही.

भेगा आणि खड्डे भरावेत का?

चकती सुटी होत असेल तर भरावेच लागतात. बारीक चिरेला पातळ सुपरग्लू, मोठ्या खड्ड्याला इपॉक्सी. चकती आधी हलकी कोमट करून घेतली की इपॉक्सी आत खोल उतरतो. हे ८० नंबरच्या आधी करायचं, म्हणजे भरलेला भागही बरोबर सपाट होतो. गिऱ्हाइकाला मात्र ती जागा बोटाने दाखवून द्यायची. मी पाठीमागे चिठ्ठीवर लिहूनच देते. क्वार्ट्झ आणि स्फटिकांनी भरलेले नैसर्गिक पोकळ खड्डे मी कधीच बुजवत नाही.

लॅकर मारला तर एवढं घासायचं कशाला?

लॅकर दोन-चार वर्षांत पिवळा पडतो, ओरखडतो आणि सुटतो. दगडाची स्वतःची चकाकी तुमच्या नातवंडांपर्यंत टिकेल. विकत घेताना कडेला नखाने टोकून पाहा, पापुद्रा निघाला तर ते पॉलिश नव्हे.

धुळीचा त्रास होतो का?

त्रास हा शब्द फार छोटा आहे. हा दगड जवळपास पूर्ण सिलिका आहे. त्याची बारीक धूळ फुप्फुसात गेली की तिथेच राहते. सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. गुजरातेत खंभातला पिढ्यान्‌पिढ्या अकीक घासण्याचं काम चालतं. अकीक म्हणजे याच कुळातला दगड. तिथल्या कितीतरी कारागिरांची आयुष्यं या धुळीने गिळली. ऑस्ट्रेलियाने ओट्यांसाठी वापरला जाणारा कृत्रिम दगड १ जुलै २०२४ पासून बंद केला, तो याच रोगामुळे.

म्हणून कोरडं कधीही कापायचं नाही आणि घासायचं नाही, अगदी एक कोपरा मोडायचा असला तरी. कोरड्या ग्राइंडरने अंगणात काम करून तोंडाला रुमाल बांधणारे व्हिडिओ मी पाहिले आहेत. रुमाल काहीच अडवत नाही. पाणी सोडा, चेहऱ्याला घट्ट बसणारा चांगला मास्क लावा. काम झाल्यावर जमीन झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. ॲप्रनवर उडालेला गाळ वाळला की त्याचीच धूळ होते, म्हणून तो घरात न्यायचा नाही. पाण्यातला गाळ बादलीत बसू द्या आणि ओला असतानाच पिशवीत बांधून टाका. मोरीत ओतला तर सिमेंटसारखा बसतो. आणि पाणी-विजेची जोडी आहे, तेव्हा गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवल्याशिवाय यंत्र लावू नका.

गरोदर बाई किंवा लहान मूल घरात असेल तर गॅरेजचं दार घराच्या बाजूने बंद, हा माझा नियम आहे.

वजन किती भरतं?

पाण्याच्या साधारण २.६ पट. ३० सेंटीमीटर व्यासाची, अडीच सेंटीमीटर जाडीची चकती साडेचार किलोच्या वर जाते. ६० सेंटीमीटरचा, ५ सेंटीमीटर जाडीचा टेबलटॉप सुमारे ३७ किलो. त्यामुळे भारतात न्यायची भेट तळहाताएवढीच निवडा. मोठी चकती तारेच्या नाजूक स्टँडवर ठेवू नका. खाली खाच पाडलेला सागवानी ठोकळा सर्वांत भरवशाचा.

खरं आहे की बनावट, कसं ओळखायचं?

हाताला गार लागतं, जड असतं, काचेवर ओरखडा उठवतं. भिंगाखाली सालीची किंवा गाभ्याची रचना दिसली तर खात्री वाढते. नुसते पट्टे असलेला रंगीत दगडही लाकूड म्हणून विकला जातो.

निगा कशी राखायची?

ओल्या मऊ फडक्याने पुसा. मेण, तेल, व्हिनेगर काही नको. गरम भांडं थेट ठेवू नका, विशेषतः इपॉक्सी भरलेल्या चकतीवर.

उरलेल्या तुकड्यांचं काय करता?

चांगले कठीण तुकडे फिरत्या पिंपात टाकते. जाड पूड, मध्यम, बारीक आणि पॉलिश, प्रत्येकीला साधारण आठवडा, म्हणजे महिन्याभराने गोटे तयार. पिंप रात्रंदिवस गुरगुरतं, म्हणून ते गॅरेजच्या पलीकडच्या कोपऱ्यात ठेवलंय. गोटे मंडळातल्या मुलांना देते, प्रत्येकाबरोबर कुठल्या जमिनीतून आला त्याची चिठ्ठी. पॉलिश न घेणारे मऊ तुकडे तुळशीच्या कुंडीत मातीवर पसरले आहेत. पाणी घातलं की त्यांचेही रंग दिसतात.